टीएनसीएस असलेला स्फटिक: आर-फ्री ४७ वर अडकला तर काय तपासायचं

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून रचना काढतानाचा हा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३५ किलोडाल्टनचं प्रथिन, डेटा २.३ आंगस्ट्रॉमपर्यंत, सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा डबा) ६८ × ८४ × १२० आंगस्ट्रॉम. सी अक्षावरची (१२० च्या बाजूची) रिफ्लेक्शन्स, म्हणजे विवर्तनाचे ठिपके, ००८ पर्यंतच मोजली गेली. त्यातली विषम क्रमांकाची कमकुवत दिसली म्हणून स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा गट) पी-टू-वन-टू-वन-टू-वन धरला, ज्यात तिन्ही अक्षांवर स्क्रू (अर्धा फेरा आणि अर्धा सेल सरकण) असतो. डेटा तपासणाऱ्या एक्सट्राएज प्रोग्रॅमने नेटिव्ह पॅटरसनमध्ये, म्हणजे तीव्रतेवरून काढलेल्या अणूंमधल्या अंतरांच्या नकाशात, (०, ०, ०.४७) या जागी मूळबिंदूच्या ४३ टक्के उंचीचं शिखर दाखवलं. फेझर प्रोग्रॅमने दोन रेणू बसवले, टीएफझेड (रेणूच्या जागेबद्दलच्या खात्रीचा आकडा) ११ आला, पण आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या रिफ्लेक्शन्सशी मॉडेलची विसंगती) ४७ टक्क्यांच्या खाली उतरत नाही.

मॉडेलला हात लावू नका. प्रथिनातले लूप पुन्हा बांधून किंवा पाणी भरून हा आर-फ्री उतरणार नाही. संशय स्पेस ग्रुपवर घ्यायचा आहे, आणि तो का, हे त्या ०.४७ मध्येच लिहिलेलं आहे.

असिमेट्रिक युनिटमधले (सममितीने ज्यातून सगळा सेल तयार होतो त्या भागातले) दोन रेणू जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून उभे असतील आणि त्यांच्यात फक्त सरकण्याचा फरक असेल, तर त्याला ट्रान्सलेशनल एनसीएस, म्हणजे टीएनसीएस म्हणतात (एनसीएस म्हणजे स्पेस ग्रुपमध्ये न मोडणारी सममिती). त्याचा परिणाम थेट तीव्रतेवर होतो. सरकण सी अक्षावर टी इतकी असेल तर प्रत्येक रिफ्लेक्शनच्या अपेक्षित तीव्रतेला १ + कॉस(३६०° × एल × टी) या आकड्याने गुणलं जातं. एल म्हणजे रिफ्लेक्शनचा सी दिशेतला क्रमांक; एकाच एल ची रिफ्लेक्शन्स मिळून एक थर. टी नेमका अर्धा असेल तर सगळे विषम थर शून्य आणि सगळे सम थर दुप्पट. तुमचा टी ०.४७ आहे, आणि हा तीन शतांशांचा फरक फार कामाचा आहे. आकडे मांडून बघा: एल = १ ला गुणक ०.०२, २ ला १.९३, ३ ला ०.१६, ४ ला १.७३. इथपर्यंत विषम कमकुवत, सम जोरकस. ८ ला १.०६ आणि ९ ला १.१३, म्हणजे फरक पुसला गेला. १२ ला ०.३६, १३ ला १.७७. १६ ला जवळजवळ शून्य आणि १७ ला पूर्ण २. म्हणजे सुमारे ७ आंगस्ट्रॉमला पोचेपर्यंत चित्र उलटलेलं असतं: विषम जोरकस, सम कमकुवत.

आता तुमच्या ००एल रांगेकडे बघा. तुम्ही फक्त ००८ पर्यंतची रिफ्लेक्शन्स पाहिली. त्या टापूत विषम रिफ्लेक्शन्स टीएनसीएसमुळेच कमकुवत असणार. स्क्रू अक्ष असो वा नसो. तिथून स्क्रूचा पुरावा निघत नाही. पुरावा १३, १५, १७ आणि १९ मध्ये आहे. तिथे टीएनसीएस त्यांना उचलून धरतो (गुणक १.७ ते २.०), तेव्हा स्क्रू खरा असेल तरच ती गायब राहतील. ००१५ आणि ००१७ ठळक दिसली तर सी वरचा स्क्रू खोटा, आणि ग्रुप पी-टू-वन-टू-वन-टू असण्याची शक्यता मोठी. ए आणि बी अक्षांवरच्या स्क्रूबद्दल मात्र निश्चिंत राहा. त्यांच्यावरच्या एच०० आणि ०के० रिफ्लेक्शन्सना एल शून्य असतो, त्यामुळे सी दिशेची सरकण त्यांना स्पर्श करत नाही. सरकण (१/२, १/२, १/२) च्या आसपास असती तर तिन्ही अक्षांवर खोटे स्क्रू दिसले असते, आणि ती फसवणूक सगळ्यात वाईट.

००८ च्या पुढची रिफ्लेक्शन्स का मिळाली नाहीत? बहुधा सी अक्ष गोनिओमीटरच्या फिरण्याच्या अक्षाशी जवळजवळ समांतर होता. असा अक्ष स्पिंडलपासून, म्हणजे त्या फिरण्याच्या अक्षापासून, जितका कमी कललेला, तितकी त्याच्यावरची फक्त खालच्या रिझोल्यूशनची रिफ्लेक्शन्स इवाल्ड गोल (जिथे विवर्तनाची अट पूर्ण होते तो काल्पनिक गोल) ओलांडतात. तरंगलांबी १ आंगस्ट्रॉम धरली तर २ अंशांच्या कलात १५ आंगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे बरोबर ००८ पर्यंतच पोचता येतं. ००१९ साठी निदान ४.५ अंश कल हवा. शक्य असेल तर कॅपा गोनिओमीटरने किंवा स्फटिक धरलेला लूप किंचित वाकवून १० अंश कल द्या आणि ३० ते ४० अंशांचा छोटासा पाचर पुन्हा गोळा करा. संपूर्ण डेटासेटची गरज नाही.

नवा डेटा शक्य नसेल तर फेझरला त्या पॉइंट ग्रुपमधले आठही पर्याय तपासायला सांगा. एसजीअल्टरनेटिव्ह सिलेक्ट ऑल ही एक ओळ पुरते, आणि टीएनसीएस दिसला की ती कायमच लिहावी असं माझं मत आहे. तुमच्या बाबतीत निकाल स्पष्ट लागायला हवा: ०.५० आणि ०.४७ मधला फरक १२० आंगस्ट्रॉमच्या अक्षावर ३.६ आंगस्ट्रॉम होतो, म्हणजे चुकीच्या ग्रुपमध्ये अर्धे रेणू तेवढे सरकलेले बसतात. २.३ आंगस्ट्रॉमच्या डेटाला ही चूक सहन होत नाही. एलएलजीत (मॉडेल डेटाशी किती जुळतं याच्या गुणांत) ठळक फरक पडतो. टी ०.४९५ असता तर हा फरक अर्ध्या आंगस्ट्रॉमवर आला असता, आणि दोन्ही ग्रुप जवळपास सारखे गुण मिळवून बसले असते.

त्या दुसऱ्या, अवघड प्रकाराबद्दलही सांगतो, कारण तो जास्त वेळा लोकांना खातो. सरकण नेमकी अर्ध्याजवळ असली की स्फटिक अर्ध्या उंचीच्या छोट्या सेलची नक्कल करतो. त्या छोट्या सेलमध्ये सममितीचे जितके अक्ष असतात, त्यातले निम्मेच मोठ्या सेलमध्ये खरे असतात. सी ला लंब असलेले अक्ष छोट्या सेलमध्ये मोठ्या सेलच्या पाव-पाव अंतरावर येतात. खरे मात्र अर्ध्या-अर्ध्या अंतरावर. कोणता संच खरा, शून्य आणि अर्ध्यावरचा की पाव आणि पाऊणवरचा, हे जोरकस रिफ्लेक्शन्सना माहीतच नसतं. मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (ओळखीचं मॉडेल नव्या सेलमध्ये बसवण्याची, फेझरची पद्धत) चुकीचा संच उचलते, पॅकिंग निर्दोष दिसतं, घनतेचा नकाशा ओळखीचा दिसतो, आणि आर-फ्री ३५ ते ४२ च्या मध्ये ठिय्या देऊन बसतो. यावर झनुडा हा प्रोग्रॅम चालवा. तो मॉडेल पी-वनपर्यंत (सेलच्या पुनरावृत्तीपलीकडे सममिती नसलेल्या ग्रुपपर्यंत) विस्तारतो, तिथे आणि उपगटांमध्ये रिफाइन करतो (डेटाशी जुळवून सुधारतो) आणि कोणती सममिती टिकते ते सांगतो. हाताने करायचं असेल तरी मार्ग तोच: डेटा पी-वनमध्ये विस्तारा, रिफाइन करा, सममिती मॉडेलमधून परत शोधा.

स्पेस ग्रुप चुकलाय की नुसतं मॉडेल कच्चं आहे, हे ओळखायला एकंदर आर-फ्री पाहून भागत नाही. रिफ्लेक्शन्सचे वरच्या गुणकाप्रमाणे तीन गट करा: ०.५ पेक्षा कमी, ०.५ ते १.५, आणि १.५ च्या वर. प्रत्येकाचा आर वेगळा काढा. विषम-सम अशी वाटणी तुमच्या स्फटिकात चालणार नाही, कारण ती ८ च्या पुढे उलटते. गुणकच वापरायला हवा. जोरकस गटात आर ३० च्या आसपास आणि कमकुवत गटात ५५ च्या वर असेल तर गोष्ट संपली. अणू कुठेही टाकलेल्या, सममिती-केंद्र नसलेल्या रचनेचा आर ५९ टक्क्यांच्या आसपास येतो. कमकुवत गट त्याच्या शेजारी पोचला याचा अर्थ दोन रेणूंमधल्या फरकाबद्दल तुमच्या मॉडेलला काहीच माहीत नाही. तो फरक फक्त कमकुवत रिफ्लेक्शन्समध्येच असतो. म्हणून त्यांना कचरा समजून टाकून देणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक आहे.

आणि ती चूक पहिल्याच पायरीवर होऊ शकते. टी बरोबर अर्धा असेल आणि स्पॉट शोधताना उंबरठा वर ठेवला असेल, तर इंडेक्सिंग (ठिपक्यांवरून सेल ठरवणं) फक्त जोरकस थर पाहतं आणि अर्धा सेल देतं. आर-मर्ज (पुन्हा पुन्हा मोजलेल्या तीव्रतांमधली विसंगती) सुरेख येतो, कोणी काही विचारत नाही. तुमच्याकडे १२० आला म्हणजे ही पायरी बरोबर झाली. १३ ते १९ च्या टापूतले जोरकस विषम थर त्याला कारण असणार. तरी डायल्स प्रोग्रॅमचा रेसिप्रोकल लॅटिस व्ह्यूअर उघडून एकदा बघाच. फिके थर डोळ्यांना लगेच दिसतात. रिझोल्यूशन कापताना सरासरी आय-बाय-सिग्मावर (तीव्रता भागिले तिची चूक) जाऊ नका, कारण त्या सरासरीत निम्मी रिफ्लेक्शन्स जन्मतःच अशक्त आहेत, सीसी-हाफ (डेटाच्या दोन अर्ध्यांमधला सहसंबंध) बघा. फेझरला अ‍ॅम्प्लिट्यूड न देता तीव्रता द्या. तीव्रतेवरून अ‍ॅम्प्लिट्यूड काढणारं फ्रेंच-विल्सन रूपांतर रिझोल्यूशनच्या कप्प्याची सरासरी गृहीत धरतं, आणि कमकुवत गटासाठी ती सरासरी फार मोठी असल्याने त्यांच्या अ‍ॅम्प्लिट्यूड फुगवल्या जातात.

आता पॅटरसनच्या शिखराबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात "४३ टक्के म्हणजे जास्त की कमी" हाही भाग होता. नियम म्हणून २० टक्क्यांच्या वरचं आणि मूळबिंदूपासून १५ आंगस्ट्रॉमच्या पलीकडचं शिखर टीएनसीएस धरलं जातं. गणित साधारणतः १० ते ५ आंगस्ट्रॉमच्या डेटावर करतात. रेणूंच्या दिशेत थोडासा फरक असला तरी परिणाम वरच्या रिझोल्यूशनला विरतो हे त्याचं कारण: ५ अंशांच्या फरकाने केंद्रापासून ३० आंगस्ट्रॉमवरचा अणू २.६ आंगस्ट्रॉम हलतो. पण २० चा नियम आंधळेपणाने पाळू नका. टी अर्धा असेल तर शिखर शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, कारण धन आणि ऋण दोन्ही सदिश एकाच जागी पडतात. टी अर्धा नसेल आणि तुमच्यासारखा अक्षावर असेल तर दोन शिखरं होतात आणि कमाल उंची ५०. म्हणजे तुमचे ४३ जवळजवळ छताला टेकलेले आहेत. दोन रेणू खरोखरच सारखे आहेत. पण टी जर एखाद्या आडव्यातिडव्या दिशेला असेल, तर सममिती त्याला वाटून टाकते: मोनोक्लिनिकमध्ये कमाल २५ टक्के आणि ऑर्थोऱ्हॉम्बिकमध्ये फक्त १२.५. तिथे १० टक्क्यांचं शिखरही गंभीरपणे घ्यायला हवं.

उलट बाजूने, शिखर आहे म्हणून टीएनसीएस आहे असंही नाही. पी-टू-वनमध्ये एनसीएसचा टू-फोल्ड बी अक्षाशी समांतर असेल तर स्क्रू आणि टू-फोल्ड मिळून एक सरकण तयार होते आणि व्ही (बी दिशेतलं अंतर) = १/२ च्या पातळीवर शिखर उगवतं. ते खरंच आहे, पण ज्यांच्यात सरकण आहे ते दोन रेणू तुम्ही निवडलेल्या असिमेट्रिक युनिटमध्ये एकत्र नसतीलही. कॉइल्ड-कॉइल आणि डीएनएच्या लांब साखळ्या आपल्याच आतल्या पुनरावृत्तीने अशी शिखरं देतात. अशा वेळी फेझरमध्ये टीएनसीएस दुरुस्ती बंद करून एक धाव घ्यावी.

फेझर ही दुरुस्ती कशी करतो ते माहीत असलं की त्याचे आकडे वाचता येतात. तो सरकण, दोन प्रतींच्या दिशेतला छोटा फरक आणि त्यांच्या अणूंमधली विसंगती हे तिन्ही डेटावरच रिफाइन करतो, त्यातून प्रत्येक रिफ्लेक्शनची अपेक्षित तीव्रता काढतो आणि मग रेणू जोडीने बसवतो. जोडीने बसवणं महत्त्वाचं. दुरुस्ती बंद ठेवून एकेक रेणू बसवलात तर दुसरा रेणू पहिल्यापासून टी अंतरावर ठेवताच गुण उसळतात, पहिला चुकीच्या जागी असला तरी. टीएफझेड ८ च्या वर म्हणजे पक्कं, हा ठोकताळा तिथे लागू नाही. तुमच्या ११ बद्दल म्हणूनच लॉग फाइल उघडून बघा: दुरुस्ती चालू होती का, एनएमओएल (सरकणीने जोडलेल्या प्रतींची संख्या) २ घेतला का, आणि काँपोझिशनमध्ये दोन्ही प्रती मोजल्या होत्या का. दोन प्रती धरल्या तर मॅथ्यूज गुणांक (प्रथिनाच्या दर डाल्टनमागे स्फटिकातली जागा) २.४५ आणि पाणी ५० टक्के येतं, त्यामुळे संख्येबद्दल शंका नको.

टीएनसीएस आणि ट्विनिंग (वेगवेगळ्या दिशांचे तुकडे एकाच स्फटिकात जोडलेले असणं) एकत्र आले तर आकडेवारी एकमेकांना झाकते. तुमचे ए आणि बी इतके वेगळे आहेत की तुम्हाला ही भीती नाही, पण टेट्रागोनल किंवा हेक्सागोनल दिसणाऱ्या सेलमध्ये लक्षात ठेवा. तीव्रतेचा दुसरा मोमेंट (वर्गांची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग) साध्या स्फटिकात २, पूर्ण ट्विनमध्ये १.५. टीएनसीएस तो वर ढकलतो: सर्वसाधारण दिशेच्या पूर्ण सरकणीला ३, नेमक्या अर्ध्या सरकणीला ४. ट्विनचा नियम सरकणीच्या गटांना धक्का लावत नसेल, तर सुमारे ४१ टक्क्यांचं पॅटरसन शिखर आणि पूर्ण ट्विन मिळून मोमेंट पुन्हा बरोबर २.० येतो. अर्ध्या सरकणीत हीच गंमत ५८ टक्क्यांना घडते. अहवाल म्हणतो "सगळं ठीक", आणि दोन आजार एकदम असतात. म्हणून एल-टेस्ट बघा. ती शेजारच्या रिफ्लेक्शन्सची तुलना करते, आणि एक्सट्राएज शेजारी निवडताना निर्देशांकांत दोनच्या पटीचा फरक ठेवतो, त्यामुळे अर्ध्या सरकणीचा तिच्यावर परिणाम होत नाही. या चाचणीतल्या |एल| ची (हा थराचा एल नव्हे) सरासरी ०.५ म्हणजे ट्विन नाही, ०.३७५ म्हणजे पूर्ण ट्विन.

या दोन्हींची टोकाची जोडी म्हणजे हायप-वन. सेंट जॉन्स वॉर्ट या औषधी वनस्पतीतलं हे पीआर-१० कुळातलं प्रथिन, एएनएस हा चमकणारा रंग बांधलेलं. चार रेणूंचे सात संच सी अक्षावर एकामागोमाग रचलेले आणि वर टेटार्टोहेड्रल ट्विनिंग, म्हणजे चार दिशांच्या तुकड्यांची मिसळ. २०१४ मध्ये ते सुटलं तेव्हा स्पेस ग्रुपचा वाद टाळण्यासाठी थेट पी-वनमध्ये ५६ प्रती बसवल्या गेल्या, आणि उत्तराच्या सममितीवरून खरा ग्रुप सी-टू ठरवला गेला. मला या कामातली क्रमवारी शिकण्यासारखी वाटते: सममिती आधी गृहीत न धरता, उत्तरातून वाचायची. तुमच्या दोन रेणूंच्या प्रश्नालाही तोच उपाय लागू आहे, फक्त खूप स्वस्तात. पी-वनमध्ये तुम्हाला ८ प्रती लागतील.

बरोबर ग्रुप सापडल्यावर रिफाइनमेंट. दोन्ही प्रतींवर एनसीएसचं कडक बंधन घालू नका. त्याने कमकुवत गटाला सांगायचं तेच दाबलं जातं. सैल, स्थानिक रिस्ट्रेंट ठेवा. सुरुवातीला रेफमॅक प्रोग्रॅमचं जेली-बॉडी (जवळच्या अणूंमधली अंतरं फार बदलू न देणारं बंधन) उपयोगी पडतं. एनसीएस अ‍ॅव्हरेजिंगकडूनही फारशी आशा धरू नका: सारख्या दिशेच्या प्रती रेणूच्या ट्रान्सफॉर्मचे जवळजवळ तेच बिंदू मोजतात, त्यामुळे नवी फेज-माहिती थोडीच मिळते. ग्रुप बदलताना आर-फ्रीची निशाणी नव्याने टाकू नका, जुनीच विस्तारा, नाहीतर मॉडेलने आधीच पाहिलेली रिफ्लेक्शन्स परीक्षेत बसतील. आणि शेवटचा आर-फ्री या रिझोल्यूशनच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा काही टक्के जास्त राहिला तर तो ओढूनताणून खाली आणायच्या मागे लागू नका. निम्मी रिफ्लेक्शन्स जेव्हा मोजमापाच्या चुकीएवढीच असतात, तेव्हा आर वाढणारच. कमकुवत गटाचा आर ५५ वरून ४० च्या खाली आला का, ते बघा.

सॅडने (जड अणूंच्या खास विकिरणावरून) सोडवत असाल तर अ‍ॅनोमलस पॅटरसनमध्येही तेच सरकणीचं शिखर वरचढ असतं आणि हार्करची (सममितीने जोडलेल्या जड अणूंमधल्या अंतरांची) शिखरं झाकतं. अर्ध्याजवळच्या सरकणीत जड अणू आधी छोट्या सेलमध्ये शोधून मग मोठ्या सेलमध्ये दुप्पट करणं बहुधा सोपं जातं.

एक शक्यता शेवटपर्यंत डोक्यात ठेवा. दुसरी प्रत पहिलीवर आदळत असेल, पॅकिंगमध्ये तिला जागाच नसेल, आणि चित्रांवर काही थर टोकदार तर काही लांबट, पुसट दिसत असतील, तर हे टीएनसीएस नसून थरांचा सरकलेला दोष असतो, लॅटिस ट्रान्सलोकेशन. स्फटिकाचा कप्पा (ग्रीक अक्षर κ) इतका हिस्सा मूळ जागी आणि उरलेला टी ने सरकलेला असतो. तिथे मोजलेल्या तीव्रतेला कप्पा² + (१ − कप्पा)² + २ × कप्पा × (१ − कप्पा) × कॉस(३६०° × एल × टी) ने भागायचं. टी अर्धा नसेल तेव्हा कप्पा ०.७५ असला तर पॅटरसनमध्ये ३० टक्क्यांचं शिखर येतं, त्यावरून पहिला अंदाज बांधता येतो. मग कप्पा थोडा थोडा बदलत ते शिखर नाहीसं होईपर्यंत जा. पीडीबीत जमा करताना दुरुस्त केलेल्या तीव्रतांबरोबर मूळ तीव्रताही द्या, आणि कप्पा व टी किती घेतले ते लिहा.